जुन्या किंडल पेपरव्हाइटची भिंतीवरची पाटी, पावसाळाभर वापरल्यानंतर

परवा काका गरी घेऊन शिवोलीच्या जेटीवर गेले आणि हात हलवत परत आले. आल्या आल्या माझ्यावर उखडले, "तुझी पाटी भरती दाखवते आणि थंय पाणी कधीचं उतराक लागलंय!" बघतो तर स्क्रीनवर दोन दिवसांपूर्वीचे आकडे. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे दोन दिवसांत जवळजवळ पावणेदोन तासांचा फरक, मासा काय थांबतो होय.

तर पाटी म्हणजे २०१५ चा किंडल पेपरव्हाइट, अ‍ॅमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र. मी तो वाचायला वापरणं कधीच सोडलं होतं आणि कपाटात पडून खाऱ्या हवेने चार्जिंगचा पोर्ट गंजला होता. म्हापशातल्या एका दुकानदाराने हातात घेऊन न बघताच "नवीन घ्या" म्हणून सांगितलं. मग दुसऱ्या एका पोराने दीडशे रुपयांत पोर्ट बदलून दिला, तेव्हाच ठरवलं की आता याला कामाला लावायचाच. जेलब्रेक, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून आपले प्रोग्राम चालवता येतील असं करणं, ते विंटरब्रेकने केलं, २०२५ च्या सुरुवातीला आलेलं ते. जुन्या लॅपटॉपवर एक स्क्रिप्ट तासातासाला चित्र बनवते, किंडल ते वायफायवरून ओढतो आणि eips या स्क्रीनवर चित्र लावायच्या त्याच्या आतल्या कमांडने दाखवतो. हवामान ओपन-मेटिओ या वेबसाइटवरून, फुकट आणि नोंदणीची की पण लागत नाही. भरती-ओहोटीचे आकडे मुरगावचे, आमच्या शापोरा नदीच्या मुखाला थोडा फरक पडतो तो मी अंदाजाने धरतो. खाली आईसाठी एकादशी-संकष्टी आणि पंचायतीचा सुका कचरा कधी ते.

सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की बेस्ट वस्तू आहे. उन्हातही वाचता येतं, डोळ्यावर उजेड नाही, रात्री हॉलमध्ये निळी दिवटी पेटत नाही. मराठी अक्षरांनी मात्र वात आणला. इमेजमॅजिक या चित्रं बनवायच्या प्रोग्राममधून थेट लिहिलं की 'ि' आधी यायची ती नंतर यायची आणि जोडाक्षरांचे तुकडे. शेवटी पान क्रोममध्ये उघडून स्क्रीनशॉट घ्यायला लावला, मग सुटलं ते. वरची काळी पट्टी पण काढली, कारण नवं चित्र आलं तरी तिचं भूत मागे राहायचं.

पण खरा दोष वेगळाच, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. किंडलच्या ई-इंक स्क्रीनला चित्र धरून ठेवायला वीज लागत नाही, सगळे याचंच कौतुक करतात. आता विचार करा, पावसात झाड पडलं, लाईट गेली, राऊटर बंद. लाईट आली तरी किंडल राऊटरला चिकटतोच असं नाही (हा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, २.४ आणि ५ या दोन्ही बँडला एकच नाव दिलेल्या राऊटरवर तर आणखी रुसतो). आणि स्क्रीन? अगदी ताजी असल्यासारखी, स्वच्छ, ठळक, निर्लज्जपणे जुनेच आकडे दाखवत बसते. मोबाईल बिघडला तर निदान काळा तरी पडतो. इथे चुकतंय हे कळायला तुमचा काकाच रिकाम्या हाताने यायला लागतो.

यावरून मी पाटी उतरवायच्या बेतात होतो, आईने ओरडून थांबवलं, तिला संकष्टी तिथेच बघायची सवय झालीय. मग इलाज केला तो सांगतो. कोपऱ्यात 'शेवटचं अपडेट' मोठ्या आकड्यांत, आणि किंडलच्या आतच एक तयार चित्र ठेवलंय, पूर्ण पानभर 'शिळं' एवढंच. तीन तास नवं चित्र आलं नाही की किंडलमधली स्क्रिप्ट तेच लावते. eips ला देवनागरी अक्षरं छापता येत नाहीत म्हणून चित्रच हवं, आणि ते पारदर्शक थर नसलेलं ८ बिट करडं पीएनजी असावं लागतं, नाहीतर कचरा दिसतो.

आता बरं चाललंय. जुना किंडल घरात पडून असला तरच करा. यासाठी सेकंडहॅण्ड विकत घेऊ नका, लोक तुटक्या डब्याचे पण काहीही भाव सांगतात. आणि रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवू नका, जुनी बॅटरी फुगते. मी आठवड्यातून एकदा रात्री लावतो, मधल्या काळात झोपवून ठेवायची सेटिंग स्क्रिप्टमध्ये आहे. ती नसेल तर वायफाय चालू ठेवून चार दिवसही टिकणार नाही.