न काढलेल्या पॉलीपचं बिल

१६,७०० गेले. पॉलीप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेली गाठ, काढल्याचे १४,५०० आणि तो लॅबमध्ये तपासल्याचे २,२००. पॉलीप काढलाच नव्हता. कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याच्या, बिलांत काय काय घुसडतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. मलाही होतं, म्हणूनच जास्त झोंबतंय. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासणं हीच माझी नोकरी आहे.

रिपोर्ट हातात आला तेव्हा मी गुंगीतून नुकता बाहेर आलो होतो, पोटात आदल्या दिवसापासून काही नाही. अशा माणसाने ओळ न् ओळ वाचावी ही अपेक्षाच चूक आहे. तरीपण. पानाच्या खालच्या भागात चार फोटो होते आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक पिवळ्या आकड्यांत वेळ. पहिला १०:४२. शेवटचा, गुदद्वाराजवळचा, १०:४९. आणि वर ठळक छापलेलं : 'सीकमपर्यंत तपासणी पूर्ण. दुर्बीण बाहेर घेण्यास लागलेला वेळ ९ मिनिटे.' अख्खा कारभार सात मिनिटांचा, त्यात नुसतं बाहेर यायला नऊ! हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि बायकोला काय म्हणालो, तर 'फोटो किती स्पष्ट आलेत बघ.'

त्याखाली 'आतड्याची सफाई : उत्तम.' अर्धं औषध उलटून पडलं होतं. सकाळी सिस्टरना मीच सांगितलं होतं. म्हणजे रिपोर्ट लिहिलेला नव्हता, आधीच्या कुणाच्या तरी रिपोर्टवर माझं नाव चिकटवलं होतं.

सीकम म्हणजे मोठ्या आतड्याचं सुरुवातीचं टोक. तिथे पोचल्याचा पुरावा म्हणजे अपेंडिक्सच्या तोंडाचा आणि लहान आतडं जिथे उघडतं त्या झडपेचा फोटो. माझ्या चारांत दोन्ही नाहीत. तुमच्या रिपोर्टात नसतील तर त्याच दिवशी मागा, नंतर 'सिस्टिममधून डिलीट झाले' असं ऐकावं लागतं.

भांडं फुटलं ते तीन आठवड्यांनी. पॉलीपचा लॅब रिपोर्ट येईना म्हणून फोन केला, तर लॅब म्हणते, तुमच्या नावाचा नमुनाच आलेला नाही. (काढलेल्या पॉलीपला नमुना क्रमांक असतो. तो मिळाल्याशिवाय तपासणीचे पैसे देऊ नका.) मग दुसरीकडे पुन्हा तपासणी केली. पहिल्या रिपोर्टात 'सामान्य' असलेल्या उजव्या बाजूला ८ मिमीचा ॲडेनोमा, म्हणजे पॉलीपचाच एक प्रकार, निघाला. अशी गाठ वर्षानुवर्षं राहिली तर पुढे तिचा कॅन्सर होऊ शकतो. पैशांपेक्षा याचा राग जास्त आहे. बाहेर येताना किमान सहा मिनिटं निरखून पाहावं हा जुना दंडक, अमेरिकी तज्ज्ञ संघटनांनी २०२४ मध्ये तो आठवर नेला. माझ्या वाट्याला जाऊन-येऊन सात.

तक्रार केली. हॉस्पिटल म्हणालं, टायपिंगची चूक. नऊ मिनिटं टायपिंगची चूक, सफाई टायपिंगची चूक, रिपोर्टात काढल्याचं लिहिलेला बारा मिलिमीटरचा पॉलीपसुद्धा टायपिंगचीच चूक! विमा कंपनी म्हणाली, क्लेम मंजूर झाला, तुमचं नुकसान काय? माझ्या विम्यातून १६,७०० कमी झाले हे नुकसान नाही म्हणे. वरच्या कार्यालयाने दोन प्रती मागितल्या, मग साक्षांकित प्रती, मग दुसऱ्या डॉक्टरांचं लेखी मत. त्या डॉक्टरांनी तोंडी सगळं सांगितलं, पेन मात्र उचललं नाही. चौथ्या हेलपाट्याला खिडकीतले साहेब म्हणाले, 'पण तुम्ही बरे आहात ना?' दुसऱ्या दिवशी मेसेज आला : तक्रार निकाली.

बिल भरताना डिस्चार्जच्या कागदांवर सही मागतात. सहीच्या वर 'रिपोर्ट वाचला व समजला' असं वाक्य असतं, ते खोडा. मी खोडलं नाही, आणि प्रत्येक ठिकाणी तेच माझ्यापुढे नाचवलं गेलं.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलने 'सुधारित' रिपोर्ट पाठवला, तारीख जुनीच. त्यात पॉलीप नाही. सोबत जोडलेल्या बिलात आहे, १४,५००.