बोर्ड जळलाच नव्हता

स्वतः जोडलेला कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणून तो उचलून दुरुस्तीला न्यायच्या तयारीत कोणी असेल, तर आधी हे वाचा. माझ्याकडून एका धडधाकट मदरबोर्डची (सगळे भाग ज्यावर जोडतात त्या मुख्य बोर्डाची) पूर्ण किंमत उकळली गेली, आणि ती मी निमूटपणे देऊन आले.

माझा डेस्कटॉप मी सुटे भाग आणून जोडला होता. आठ महिने त्याने एकदाही त्रास दिला नाही. मग प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या पंख्याचा आवाज वाढला, म्हणून एका रविवारी मी कूलर बदलायला घेतला. जागा अडचणीची होती. हात आत जाईना, म्हणून बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनांची पॉवर केबल काढली, नवा कूलर बसवला आणि केबल परत लावली. बटण दाबलं. पंखे फिरले, आतले दिवे लागले, पण स्क्रीन काळीच. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ आलं आणि तोही बंद झाला.

रॅम काढून पुन्हा बसवली. एकच पट्टी ठेवून पाहिली. मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, ग्राफिक्स कार्डालाच आहे ना, हे दोनदा तपासलं. काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी काम द्यायचं होतं आणि मनात एकच घोळत होतं, की कालपर्यंत चालणारी वस्तू माझ्या हातून बिघडली. दुरुस्तीला निघण्याआधी एका मैत्रिणीला दाखवायला म्हणून उघड्या कॅबिनेटचा फोटो काढला. पुढे त्याच फोटोने मला वाचवलं.

दुरुस्तीवाल्याने मशीन सुरू केलं, अर्धा मिनिट आत पाहिलं आणि विचारलं, “आत कोणी हात घातला होता?” मी कूलरचं सांगितलं. तो म्हणाला, “मग झालंच की ताई. हा सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, लाल दिवा बघा. कूलर आवळताना बोर्ड शॉर्ट झालाय. उडाला.” जळल्याचा वास तर येत नाही, असं मी म्हटलं. त्यावर उत्तर तयार होतं: “बोर्ड आतल्या थरांत जळतो, वास येत नाही.” मी गप्प बसले. कूलर मीच बदलला होता, म्हणजे चूक माझीच असणार, हे मी मनातल्या मनात आधीच कबूल करून टाकलं होतं. त्याने नेमकं तेच हेरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मशीन सुरू झालेलं होतं. बिलात नवा बोर्ड, मजुरी आणि तपासणी, तिन्ही लावलेलं. जुना बोर्ड मागितला, तर म्हणाला भंगारात गेला. नव्याचा बॉक्स मागितला, तर म्हणाला वॉरंटी आमच्याकडून असते, बॉक्स लागत नाही. पैसे देऊन मी घरी आले.

घरी आल्यावर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, गेले. नव्या बोर्डावर एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) सहसा बंद असतं आणि माझी 3600 वेगाची रॅम तेव्हा 2133 किंवा 2666 वर चालली असती, म्हणून ते चालू करायचं होतं. पाहते तर ते आधीच चालू. पंख्यांच्या पानावर गेले. तिथे तापमान 40 अंश असताना पंख्याचा वेग 35 टक्के, 60 अंशांना 55 टक्के. हे आकडे मी आठ महिन्यांपूर्वी माझ्या हाताने भरले होते. कोरा करकरीत बोर्ड हे आकडे कुठून आणणार?

मशीन बंद केलं, भिंतीतला प्लग काढला आणि झाकण उघडलं. नवा कूलर बसवताना थर्मल पेस्टचा (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात त्या लेपाचा) एक ठिपका माझ्या बोटावरून रॅमच्या स्लॉटशेजारी लागला होता. पुसायचा राहिला होता. करड्या रंगाचा, नखाएवढा, एका बाजूला ओढल्यासारखा. तो ठिपका तिथेच होता. माळ्यावरून जुन्या बोर्डाचा बॉक्स काढला, टॉर्च मारून बोर्डाच्या कडेच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर वाचला. अक्षरन् अक्षर तेच.

मग फोनवरचा तो फोटो मोठा करून पाहिला. वरच्या कोपऱ्यात आठ पिनांची केबल आणि सॉकेट यांच्यामध्ये फट दिसत होती. प्लास्टिकची खिट्टी अडकलेलीच नव्हती. खात्री करायला मी वीज पूर्ण काढून ती केबल सॉकेटमधून बाहेर काढली आणि मशीन लावलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी, सीपीयूचा लाल दिवा लागला. रविवारी होतं तेच, जसंच्या तसं. पुन्हा बंद करून केबल ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबली, आणि काही सेकंदांत स्क्रीन उजळली. दुरुस्तीवाल्याने केलेलं काम एवढंच होतं.

तो लाल दिवा खोटं बोलत नव्हता. खोटं होतं ते दुरुस्तीवाल्याने केलेलं त्याचं भाषांतर. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड) आणि बूट (डिस्कवरून सुरुवात) असे चार बारीक दिवे असतात. जो दिवा लागून राहतो, त्या टप्प्यावर मशीन सुरू होतानाची तपासणी अडली एवढाच त्याचा अर्थ. सीपीयूचा दिवा राहिला तर प्रोसेसर नीट बसलेला नसेल, त्याच्या पिना वाकल्या असतील, बायोस जुनं असल्यामुळे तो ओळखला जात नसेल, किंवा माझ्यासारखी त्याची पॉवर केबल नीट अडकलेली नसेल. पंख्यांना वीज 24 पिनांच्या मुख्य केबलवरून मिळते, प्रोसेसरची ती वेगळी. म्हणून पंखे फिरतात आणि बाकी सगळं मुकं राहतं. डीरॅमचा दिवा असेल तर आणखी एक सांगते: डीडीआर5 प्रकारची रॅम असलेल्या नव्या मशीनला पहिल्यांदा रॅम जुळवून घ्यायला कधी कधी काही मिनिटं लागतात. तेवढ्यात घाबरून बटण बंद करू नका.

बटण दाबून काहीच होत नसेल, पंखाही हलत नसेल, तर एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचा स्विच पाहा. मग कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर बोर्डावरून काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन सुरू झालं, तर बिघाड फक्त बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नका, वीज काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो.

आणि मशीन बाहेर द्यावंच लागलं, तर बोर्ड, ग्राफिक्स कार्ड, रॅमची प्रत्येक पट्टी आणि डिस्क यांच्या सिरियल नंबरचे फोटो आधी काढा. ते नंबर पावतीवर त्यांच्याकडून लिहून घ्या. ‘जळला’ म्हणाले, तर कुठे जळला ते दाखवायला सांगा, आणि खराब झालेला भाग हातात आल्याशिवाय नव्याचे पैसे देऊ नका. प्रोसेसर बसवायच्या आधी सॉकेटचा जवळून फोटो काढून ठेवणं फार उपयोगी पडतं. इंटेलच्या एलजीए 1700 सारख्या प्रोसेसर-सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, आणि एखादी वाकली की ‘तुम्हीच वाकवली’ म्हणायला समोरचा मोकळा असतो.

तिसऱ्या दिवशी मी मशीन, बॉक्स आणि फोटो घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. आधी तो म्हणाला की एकाच मॉडेलच्या बोर्डांचे नंबर सारखेच असतात. हे साफ खोटं आहे, सिरियल नंबर प्रत्येक नगाचा वेगळा असतो. पेस्टचा ठिपका फोटोत आणि बोर्डावर शेजारी शेजारी दाखवला, तेव्हा तो “पोराची चूक झाली” यावर आला. बोर्डाची किंमत परत मिळाली. मजुरी आणि तपासणीचे पैसे त्याने दिले नाहीत, आणि ते मी अजून सोडलेले नाहीत. निघताना त्याच बिलावर ‘मदरबोर्ड बदललेला नाही, मूळचाच आहे’ असं लिहून त्याची सही घेतली. बोर्डाची मूळ वॉरंटी अजून शिल्लक आहे, आणि उद्या कंपनीकडे जायची वेळ आली तर तो बदलल्याचं बिल मला नडायला नको.