सूदानची लोखंडाची खाण, मिनेसोटा : एका वाइंडरवाल्याच्या नजरेतून

आधीच सांगून ठेवतो, मी काही हौशी पर्यटक नाही. विदर्भातल्या कोळसा खाणीत 31 वर्षं वाइंडिंग इंजिन चालवलं. माणसं खाली सोडायची नि वर आणायची, एवढंच काम. रिटायर झाल्यावर अमेरिकेत मुलीकडे, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला गेलो. जावई म्हणाले, "बाबा, नायगारा बघायचा का?" मी म्हटलं, जवळपास एखादी खाण असेल तर ती दाखवा. दोघं एकमेकांकडे बघून हसले, पण शनिवारी पहाटे चार तास गाडी चालवून मला उत्तरेला घेऊन गेले.

सूदान हे नाव आफ्रिकेतल्या देशाचंच. तिकडचं ऊन नि इथली थंडी, यावरून कोणीतरी थट्टेनं ठेवलं असं सांगतात. थट्टा बरी जमली म्हणायची, कारण शेजारच्या टॉवर गावापाशी 2 फेब्रुवारी 1996 ला पारा उणे 51 सेल्सिअसपर्यंत उतरला होता. मिनेसोटाचा तो आजवरचा विक्रम आहे. आम्ही जुलैत गेलो, तरी पिशवीत स्वेटर होता. तुम्हीही ठेवा. खाली बारा महिने साडेदहा अंशांच्या आसपासच तापमान असतं.

1882 साली इथं उघड्या खड्ड्यांनी काम सुरू झालं आणि 1884 मध्ये लोखंडाच्या दगडाची पहिली रेल्वे सुपीरियर सरोवराकाठच्या बंदरावर गेली. खड्डे खोल होत गेले तसे मालक जमिनीखाली शिरले. 1962 ला खाण बंद पडली, 1965 ला कंपनीनं ती राज्य सरकारला दिली, आणि आता ती सरकारी उद्यान म्हणून दाखवतात.

हेल्मेट चढवून आम्ही केजमध्ये, म्हणजे खाणीत उतरायच्या लोखंडी पाळण्यात, उभे राहिलो. दाटीवाटीनं, खांद्याला खांदा लावून, अगदी पहिल्या पाळीसारखे. दार लागलं, घंटी झाली आणि सुटलो. 2341 फूट, सुमारे तीन मिनिटं. केज उतरते ती विहीर, म्हणजे खाणीचं खोल भोक, सरळ नाही, तिरपी आहे, म्हणून केज रुळावर खडखडत उतरतो. आवाज असा, की शेजारच्या बाईनं डोळेच मिटून घेतले. मी मात्र डोळे मिटून वेग मोजत होतो. ब्रेक कुठं लागला ते पायाच्या तळव्याला कळतं. सत्ताविसाव्या लेव्हलला, म्हणजे खाणीच्या सत्ताविसाव्या मजल्याला, केज थांबला तेव्हा ग्लासातलं पाणीही सांडलं नसतं. वर इंजिनावर जो कोण बसलाय त्याला मनातल्या मनात सलाम ठोकला.

खाली छोट्या रेल्वेत बसवून पाऊण मैल आत नेतात. मग लोखंडी गोल जिना चढायचा, गुडघे कुरकुरणाऱ्यांनी ध्यानात ठेवा. वर जी पोकळी आहे ना, तिथं मी गाईडचं ऐकायचं सोडून छताकडेच बघत राहिलो. एक लाकूड नाही बाप्पा! आमच्याकडे छताला टेकू नाही म्हणजे काळजात धस्स व्हायचं, पडणारं छत हाच आमचा पहिला वैरी. इथं भोवतीचा हिरवट दगड इतका कणखर, की टेकूची फारशी गरजच पडली नाही. काम खालून वर चाले. डोक्यावरचा माल फोडून खाली सोडायचा, पायाखाली टाकाऊ दगड भरायचे, त्या भरावावर उभं राहून पुढचा थर फोडायचा. या खाणीला लोक 'खाणींतली कॅडिलॅक', म्हणजे ऐटबाज महागडी मोटार, म्हणत ते उगाच नाही. कोरडी, पक्क्या छताची आणि वायू नसलेली.

वायूचं मला जास्त लागलं, कारण कोळशाच्या खाणीत पेट घेणारा वायू असतो. गाईडनं सगळे दिवे घालवले, हात डोळ्यासमोर धरला तरी दिसेना. मग एकच बारीक ज्योत. सुरुवातीचे कामगार मेणबत्तीवर काम करत, असं तो सांगत होता. माझा नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही पण?" अरे, आमच्या खाणीत आगपेटी खिशात सापडली तरी नोकरी जायची! उघडी ज्योत जमिनीखाली बघितल्यावर पाठीतून शिरशिरी आली ती वर येईपर्यंत गेली नाही.

भौतिकशास्त्राची प्रयोगशाळाही याच लेव्हलवर होती. शिकागोजवळून जमिनीतून सोडलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण 735 किलोमीटरवर इथं 2005 ते 2016 पकडले. जावई त्यावर अर्धा तास बोलले, मला त्यातलं चार आणे कळलं.

एवढा चांगला माल, मग बंद का केली? इथला दगड टणक, लोखंडाचं प्रमाण भरपूर. पोलादाच्या जुन्या भट्ट्यांत त्याची ढेकळं टाकली की त्यातला ऑक्सिजन वितळलेल्या लोखंडातला कार्बन जाळायचा. नव्या भट्ट्यांत ऑक्सिजन थेट फुंकायला लागले आणि ढेकळांचं काम संपलं. माल जमिनीत शिल्लक, गिऱ्हाईक नाही.

आता खरी शिफारस. वर आल्यावर लगेच गाडीत बसू नका, इंजिन घरात जा. 1924 साली बसवलेलं विजेचं वाइंडिंग इंजिन आहे, आपण जातो तो केज तेच ओढतं. बारा फूट व्यासाचा ड्रम, त्यावर दोर, समोर खोली दाखवणारी तबकडी, हाताशी ब्रेकचा दांडा. ऑपरेटरची नजर तबकडीवरून हलेना. मुलगी काहीतरी विचारायला पुढं झाली, तिला मी हाताला धरून मागं ओढलं. केज चालू असताना वाइंडरवाल्याशी बोलायचं नसतं. केज टेकल्यावर त्यानं मान वळवली. मी तीन बोटं दाखवली. तीन घंट्या म्हणजे केजमध्ये माणसं. तो हसला आणि त्यानंही तीन बोटं वर केली. इंग्रजी लागलंच नाही.

नंतर गावात चक्कर मारली. 2010 च्या जनगणनेत सूदानची लोकसंख्या 446. रस्ते शांत, घरं लहान. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आलेले कॉर्निश, स्वीडिश, फिनिश, स्लोव्हेनियन, इटालियन असे लोक इथं एकाच केजमध्ये उभे राहिले. गाव कंपनीचं, म्हणून दारूचे गुत्ते दोन मैलांवरच्या टॉवरला. पगाराच्या संध्याकाळी त्या रस्त्यावर काय रांग लागत असेल, ते मला कोणी सांगायला नको.

कॉर्निश लोकांची पेस्टी मात्र फसली. मैद्याच्या पारीत मांस, बटाटा आणि रुटाबागा नावाचा सलगमच्या जातीचा कंद, असा तो करंजीसारखा पदार्थ, खाणीत डब्याऐवजी न्यायचा. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात घेतली, ती दगडापेक्षा टणक. स्लोव्हेनियन पोटित्सा, म्हणजे अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेला गोड पाव, एका छोट्या दुकानात मिळाला. तो गाडीतच संपला.

खाणीला पाचपैकी पाच तारे. पेस्टीला एक, तोही रुटाबागामुळे.