फूड बँक : फुकट मिळणाऱ्या सेवेचे परीक्षण

हॉटेल, दवाखाना, विमा कंपनी यांच्या सेवेविषयी लोक मोकळेपणाने लिहितात. दान आलेले अन्न जमा करून गरजूंना फुकट वाटणाऱ्या फूड बँकेविषयी मात्र देणगीदार लिहितात आणि संस्था अहवाल काढतात. तिथून शिधा नेणारा माणूस गप्प राहतो, कारण फुकट मिळालेल्या वस्तूला नावे ठेवण्याचा अधिकार त्याला नाही, असे सगळ्यांनीच गृहीत धरलेले असते. हे गृहीतक मला मान्य नाही. पुरेसे अन्न मिळणे हा हक्क असल्याचे १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारात जगातल्या देशांनी लिहून ठेवले आहे. तेव्हा त्या हक्काच्या नावाने चालणारी सेवा कशी आहे, हे इतर कोणत्याही सेवेसारखे तपासून पाहायला हवे, आणि तेही रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने.

या सेवेची मूळ कल्पनाच रांगेतल्या एका बाईची आहे. अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल हे गृहस्थ गरिबांसाठीच्या भोजनालयात स्वयंसेवक म्हणून काम करत होते. दुकानांच्या मागे टाकून दिलेले, पण खाण्याजोगे अन्न वेचून मुलांना जगवणाऱ्या एका आईने त्यांना सुचवले, की असे अन्न टाकून देण्याऐवजी ते जमा करता येईल आणि गरजूंना तिथून काढून नेता येईल अशी एखादी जागा असायला हवी. त्यातून १९६७ मध्ये सेंट मेरीज ही पहिली फूड बँक उभी राहिली. आज या कामाच्या इतिहासात नाव आहे ते हेंगेल यांचे. त्यांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे, पण जिला उपाशी मुलांमुळे नेमकी गरज कळली होती तिचेच म्हणणे ऐकून ही सेवा सुरू झाली, हे पुढच्या काळात बहुतेक संस्था विसरल्या, असे मला वाटते.

साठवण आणि वाहतूक या बाबतीत फूड बँकेला चांगले गुण द्यावे लागतील. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोहोचू शकणाऱ्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी जगात सुमारे सत्तर कोटी माणसे भुकेली होती. या दोन टोकांमधले अंतर थोडेसे का होईना, पण रोजच्या रोज कापणारी यंत्रणा उभी करणे सोपे नसते. मी एका फूड बँकेच्या गोदामात वर्गवारीचे काम केले आहे. आलेल्या खोक्यातली प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, छापील मुदत शोधायची, डबा फुगला आहे का, शिवणीवर चेपला आहे का, हे बोटांनी चाचपून पाहायचे आणि मग त्याला फळीवर जागा द्यायची. कंटाळवाणे, पण जबाबदारीचे काम आहे हे. चारशे चौरस मीटरहून मोठ्या दुकानांनी न विकलेले अन्न धर्मादाय संस्थांना देण्याचा करार केलाच पाहिजे, असा कायदा फ्रान्सने २०१६ मध्ये केला. पण दुकानातून निघालेल्या अन्नातले खाण्याजोगे कोणते, हे ठरवणारे हात शेवटी स्वयंसेवकांचेच असतात.

वाटपाच्या बाबतीत सगळ्यात शिकण्यासारखा प्रयोग अमेरिकेतल्या ‘फीडिंग अमेरिका’ या देशव्यापी जाळ्याचा आहे. देणगीत आलेला माल कोणत्या स्थानिक फूड बँकेला द्यायचा, हे पूर्वी मध्यवर्ती कार्यालय पाळीपाळीने ठरवत असे. परिणामी बटाट्याचेच पीक घेणाऱ्या आयडाहो राज्याकडे बटाटे रवाना होण्यासारखे प्रकार घडत. २००५ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांच्या मदतीने संस्थेने ही पद्धत बदलली. प्रत्येक स्थानिक बँकेला तिच्या भागातल्या गरजेच्या प्रमाणात एक काल्पनिक चलन दिले जाऊ लागले, आणि आलेल्या मालावर दिवसातून दोनदा या चलनात बोली लागू लागली. त्यातून कार्यालयात बसून कधीच कळले नसते असे पुष्कळ काही कळले. टिकाऊ तृणधान्ये आणि पास्ता यांवर बँका भरभरून बोली लावत, तर भाजीपाला जवळजवळ कवडीमोलाने जाई. कोणालाच नको असलेला माल उचलणाऱ्या बँकेच्या खात्यात उलट चलन जमा होई. लहान बँकांची कोंडी होऊ नये म्हणून उधारीचीही सोय ठेवली गेली. आपल्याला काय हवे हे घेणाराच उत्तम जाणतो, या साध्या विश्वासावर ही सगळी रचना उभी आहे आणि ती मला मनापासून आवडते.

माझी खरी तक्रार इथूनच सुरू होते. निवडीचा हा अधिकार गोदामापर्यंत पोहोचला, पण बऱ्याच ठिकाणी काउंटरपाशी येऊन तो थांबला. आधीच बांधून ठेवलेली पिशवी हातात पडते. तिच्यात काय आहे हे घरी गेल्यावर कळते. मधुमेह असलेल्या माणसाच्या पिशवीत गोड बिस्किटे निघतात, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला उघडता न येणारे डबे मिळतात, आणि ज्याच्या घरचा गॅस किंवा वीज पैशांअभावी बंद झाली आहे त्याला तासभर शिजवावे लागणारे कडधान्य मिळते. ब्रिटनमधल्या काही फूड बँका अशा घरांसाठी नुसत्या उकळत्या पाण्यात तयार होणाऱ्या वस्तूंची वेगळी पिशवी बांधतात. तसे करण्याची वेळ यावी हे वाईट आहे, पण कोणीतरी आधी विचारले म्हणून ती पिशवी बांधली गेली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. याहून चांगली पद्धत म्हणजे दुकानासारख्या फळ्या मांडायच्या, कुटुंबातल्या माणसांच्या संख्येनुसार गुण द्यायचे आणि तेवढ्या गुणांच्या वस्तू ज्याने त्याने आपल्या हाताने निवडायच्या. अशी केंद्रे आहेत आणि ती नीट चालतात. लोक न खाण्याच्या वस्तू नेत नाहीत, त्यामुळे नासाडीही घटते. जागा कमी आहे, वेळ लागतो, या सबबी मी ऐकल्या आहेत. त्यांत तथ्य असले तरी पिशवी बांधण्यापूर्वी चार प्रश्न विचारायला जागा लागत नाही.

ब्रिटनमधल्या ‘ट्रसेल’ या संस्थेच्या पद्धतीविषयी माझे मत संमिश्र आहे. तिची पहिली फूड बँक २००० साली सॉल्सबरीत सुरू झाली, आणि २०२३-२४ या एका वर्षात तिच्या जाळ्यातून ३१ लाखांहून अधिक पार्सले वाटली गेली. साधारणपणे डॉक्टर, शाळा किंवा सल्ला केंद्र यांच्याकडून कूपन आणावे लागते आणि मग तीन दिवसांचा शिधा मिळतो. भुकेल्या माणसाला आधी तिसऱ्याच कोणाला तरी आपली परिस्थिती पटवून द्यावी लागणे मला अपमानाचे वाटते. मात्र याच व्यवस्थेमुळे लोक कोणत्या कारणाने आले याची नोंद राहते, आणि त्या नोंदींच्या बळावर सरकारी भत्ते किती अपुरे आहेत हे संस्था जाहीरपणे मांडत राहते. फूड बँकेची गरजच उरू नये हे तिचे घोषित ध्येय आहे. तिथल्याच स्वतंत्र फूड बँकांच्या संघटनेने आणखी एक पाऊल पुढे टाकून, पैशांची अडचण असलेल्या माणसाला रोख मदत आणि सल्ला कुठे मिळेल याची सोपी पत्रके स्थानिक पातळीवर काढली आहेत. शिध्यापेक्षा ते पत्रक कदाचित जास्त दिवस उपयोगी पडेल.

ज्यांना या सेवेची तुलना कशाशी करावी असा प्रश्न पडतो, त्यांनी ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंतेकडे पाहावे. त्या शहराने १९९३ मध्ये अन्नाचा हक्क ही नगरपालिकेची जबाबदारी मानली, आणि तिथल्या सार्वजनिक भोजनालयांत कारकून, विद्यार्थी, निवृत्त माणसे आणि बेघर एकाच रांगेत अल्प दरात जेवू लागले. गरिबीचा दाखला मागितला जात नसल्यामुळे रांगेत कोण का उभा आहे, हे कोणाला कळत नाही. दुसरे उदाहरण अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या कृष्णवर्णीय नागरी हक्क कार्यकर्त्या फॅनी लू हेमर यांचे. मतदार नोंदणीचा प्रयत्न केला म्हणून मळ्यावरून हाकलल्या गेलेल्या या बाईंनी १९६९ मध्ये फ्रीडम फार्म ही सहकारी शेती उभी केली. तिच्या डुकरांच्या बँकेतून कुटुंबाला मादी मिळे, पिल्ले कुटुंबाची होत आणि मादी पुढच्या घरी जाई. मालक कामावरून काढील या धाकाने जिथे मत द्यायला माणसे घाबरत होती, तिथे स्वतःच्या घरात मांस असणे म्हणजे काय, हे हेमर यांनी ओळखले होते.

तातडीच्या प्रसंगी फूड बँकेकडे जाण्याची शिफारस मी निःसंकोच करेन. देणगी देणाऱ्यांना मात्र माझे सांगणे आहे, की किती टन वाटले हा आकडा बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात : नेणाऱ्याला निवडता येते का, त्यांच्यापैकी कोणी व्यवस्थापन समितीवर आहे का, आणि दिवसभर राबणाऱ्या माणसाला कामावरून सुटल्यावर येता येईल इतका वेळ दार उघडे असते का.