डिस्नेचं अ‍ॅनिमल किंगडम : डोंगर भक्कम, यती थिजलेला

टॅम्पाहून ऑर्लँडो गाडीनं दीड तास. भारतातून पाहुणे आले की डिस्नेची वारी ठरलेलीच. किल्ला बघायचाच असेल त्यांना नवरा मॅजिक किंगडमला घेऊन जातो. मला विचाराल तर डिस्नेच्या इथल्या चारही पार्कांत मी कधीही अ‍ॅनिमल किंगडमच निवडेन. वार्षिक पास घेणारी, नकाशा न बघता फिरणारी चाहती म्हणून हे लिहितेय, त्यामुळे सूर जरा तक्रारीचा लागेल. ज्याचं काही वाटतच नाही त्याच्याबद्दल कोण कशाला तक्रार करेल?

२२ एप्रिल १९९८ ला, म्हणजे वसुंधरा दिनी, हे पार्क उघडलं. त्यामागचा मुख्य कल्पक माणूस म्हणजे डिस्नेचा डिझायनर जो रोडी. आशिया विभागासाठी त्याच्या चमूनं आनंदपूर नावाचं अख्खं राज्य रचलं. थोडा नेपाळ, थोडा भारत, थोडा थायलंड-इंडोनेशिया. मागे सिनेमा नाही, बाहुली नाही, टी-शर्टवर छापायला चेहरा नाही. तरी इथल्या दुकानांत राजा-राणीची तसबीर लावलेली दिसते, अगदी आपल्याकडे जुन्या पेढ्यांवर असते तशी. माझ्या सासूबाई सांगलीच्या, पटवर्धनांच्या संस्थानात वाढलेल्या घरातल्या. त्या तसबिरीपुढे उभ्या राहून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "हे कुठले गं संस्थानिक?" खोटे आहेत म्हटल्यावर त्यांना पटेना. "एवढा खर्च कोण करेल खोट्यासाठी?"

कधीकाळी करत होते, हेच तर माझं म्हणणं आहे. गिबन माकडांची जागा बघा. दोन पडकी देवळं, त्यातल्या एकाला दुरुस्तीसाठी बांबूची परांची बांधलेली. माकडांना लटकायला काहीतरी हवंच होतं, ते जीर्णोद्धाराची गोष्ट होऊन आलं. महाराजा जंगल ट्रेकवर वाघ दिसतात ते एका जुन्या राजवाड्याच्या अवशेषांतून, आणि भिंतींवरच्या चित्रांत त्या राजांची कहाणी चालू असते. बहुतेक लोक वाघाचा फोटो काढून पुढे जातात. चित्रं आहेत हेसुद्धा अनेकांना कळत नाही. तरी कुणीतरी ती रंगवली.

मग एक्सपिडिशन एव्हरेस्ट. २००६ सालची ही रोलर कोस्टर. डोंगर १९९.५ फुटांचा, कारण २०० फूट झाले असते तर विमानांसाठी लाल दिवा लावावा लागला असता, आणि हिमालयावर लाल दिवा कसा दिसेल? गंमत म्हणजे गाडी ज्यातून जाते तो एव्हरेस्ट नाहीच. तो ‘निषिद्ध पर्वत’. खरा एव्हरेस्ट म्हणजे बाजूला लांब, लहान दिसणारं ते शिखर. रांग तर राइडइतकीच चांगली: परवाने देणारं ऑफिस, लाकडी कोरीवकामाचं नेपाळी धाटणीचं मंदिर, चहाचं सामान, मग हिममानवाचं म्हणजे यतीचं संग्रहालय. पुढे रूळ तुटलेले दिसतात, गाडी उलटी अंधारात घसरते, आणि शेवटी साक्षात यती.

तो सुमारे २५ फुटांचा. सुरुवातीला हात खाली झेपावायचा, डोक्यावरून पंजा फिरायचा. ज्यांनी तेव्हा पाहिला ते अजून सांगतात. फार काळ तो तसा चालला नाही. हालचाल बंद झाली आणि त्याच्यावर चमकणारे दिवे सोडले, म्हणजे तो हलल्याचा भास व्हावा. तेव्हापासून चाहते त्याला ‘डिस्को यती’ म्हणतात. आपण एक दिवस तो नीट करू, असं रोडीनं २०१३ मध्ये चाहत्यांच्या मेळाव्यात जाहीरपणे सांगितलं होतं. २०२१ च्या सुरुवातीला तो निवृत्त झाला. यती अजून हात वर करून उभाच. डोंगर न फोडता दुरुस्ती अवघड आहे म्हणतात, आणि ते मला मान्य आहे. पण अवघड गोष्ट मुळात बांधली कुणी? याच कंपनीनं ना?

त्याहून मला टोचते ती पैसे भरून घ्यायची रांग. १९९९ पासून फास्टपास, म्हणजे लांब रांग टाळून आत जायची सोय, तिकिटातच धरलेला होता. २०२१ पासून त्याच्या जागी पैसे देऊन लाइटनिंग लेन आली. एव्हरेस्टला त्या रांगेनं गेलात तर संग्रहालयाचा बराच भाग चुकतो. म्हणजे कारागिरांनी जीव ओतून केलेलं काम बघायला लागू नये म्हणून आपण पैसे मोजायचे! मुलाला घेऊन मी मुद्दाम साध्या रांगेत उभी राहते. तो वैतागतो.

आता डायनोलँड, म्हणजे पार्कातला डायनोसॉरचा विभाग, गेलं. तिथली डायनोसॉरची राइड २०२६ च्या सुरुवातीला बंद झाली. खरं सांगू का, डायनोलँडसाठी मला रडू आलं नाही. हायवेकडेच्या भंगार जत्रेची नक्कल म्हणून केलेली ती जागा शेवटी भंगार जत्राच वाटायची. तिच्या जागी २०२७ मध्ये दक्षिण आणि मध्य अमेरिकेचा विभाग येतोय, पण मोठ्या राइड इंडियाना जोन्स आणि एन्कान्तो या सिनेमांच्या. ट्री ऑफ लाइफच्या पोटातला किड्यांचा शो गेला, २०२५ च्या नोव्हेंबरात तिथे झूटोपिया सिनेमावरचा शो आला. त्या झाडावर तीनशेहून जास्त प्राणी कोरलेत, सगळे आपापल्या अंगच्या कातडीत. आणि त्यांच्या पोटात आता कपडे घातलेले प्राणी.

सिनेमा आला की वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. अवतार सिनेमावरचा २०१७ चा पँडोरा विभाग मला आवडतो, आणि तोही रोडीच्याच देखरेखीखाली झाला. तिथे सिनेमातलं एकही मुख्य पात्र तुमच्या अंगावर येत नाही. तरंगते डोंगर, रात्री चमकणारी झाडं, जमिनीतून येणारे आवाज. पण आता नवीन काही जाहीर झालं की पहिला प्रश्न ‘कुठला सिनेमा?’ हाच असतो. आनंदपूरचा प्रस्ताव आज कुणी मांडला तर पहिल्याच बैठकीत बाद होईल, अशी मला भीती वाटते. मे २०२५ मध्ये उघडलेलं शेजारचं युनिव्हर्सल एपिक युनिव्हर्स तरी वेगळं काय करतं? तिथेही मारियो आणि हॅरी पॉटर आहेतच.

बाकी पटकन सांगते. काली रिव्हर रॅपिड्स ही तराफ्यातली पाण्याची राइड: जंगलतोडीची गोष्ट चांगली, राइड सुरू होते न होते तोच संपते, पण भिजाल हे नक्की. रात्रीच्या शोची जागा ओसच. २०२१ मध्ये तिथे पतंगांचा शो आणला होता, त्यात बल्लू आणि सिंबाचे भलेमोठे पतंग थेट प्रेक्षकांच्या बाकांवर कोसळायचे. त्याचे व्हिडिओ अजून फिरतात. मकरसंक्रांतीला आमच्या गच्चीवर याहून बरे पतंग उडायचे.

पाचपैकी साडेतीन. दार उघडायच्या आधी पोचा, पँडोरा आधी उरका, ऊन चढलं की रॉयल आनंदपूर टी कंपनीत काहीतरी थंड घ्या आणि दुपार आशियात काढा. एव्हरेस्टच्या साध्या रांगेत शिरा, संग्रहालयातल्या पाट्या वाचा. मागचे लोक ढकलतील. ढकलू द्या.