‘फुटेज कुठल्या कॅमेऱ्याचं?’ हे त्याने विचारलंच नाही

२०२४ च्या दसऱ्याला मी एडिटिंगसाठी नवा कॉम्प्युटर घेतला. किंमत १,६४,००० रुपये, त्यातले ९०,००० पतसंस्थेचं कर्ज. मी पुण्यात धायरीला राहते. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, भरतनाट्यमच्या क्लासचे वार्षिक कार्यक्रम यांचं फुटेज हार्ड डिस्कवर माझ्याकडे येतं आणि मी ते घरी बसून एडिट करते. अकरा वर्षं हेच काम करतेय. सॉफ्टवेअर बोटांत बसलंय, पण कॅबिनेटच्या आत काय असतं ते मला फारसं कळत नव्हतं, आणि दुकानदाराला हे पहिल्या पाच मिनिटांत समजलं.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही. मध्यवस्तीतल्या एका पेठेतलं दुकान, पाटीवर ‘व्हिडिओ एडिटिंग स्पेशालिस्ट’ असं लिहिलेलं. मला तिथे पाठवलं ते ज्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं काम घेते त्या एका सीनियर फोटोग्राफरनी. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. “माझं नाव सांग, आपला माणूस आहे,” असं ते म्हणाले होते.

मंडईत गाडी लावून मी गेले. त्याने चहा मागवला, दादांची चौकशी केली आणि मी यादीत लिहून आणलेल्या दोन वस्तू मला घेऊच दिल्या नाहीत. सहा हजारांचे स्पीकर होते, त्यावर म्हणाला, “ताई, तुम्ही हेडफोन लावून काम करता ना? मग हे कशाला?” महागडं काचेचं कॅबिनेट होतं, त्यावर म्हणाला, “दिव्यांचे पैसे कशाला देता?” साडेनऊ हजार रुपये त्याने माझ्या यादीतून स्वतःच्या हाताने खोडले. त्या क्षणी माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला. स्वतःचा गल्ला कमी करून सल्ला देणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं मला वाटलं. पुढे त्याने जे जे सांगितलं, ते मी एकही प्रश्न न विचारता घेतलं.

आता मागे वळून बघते तेव्हा ती साडेनऊ हजारांची बचत मला सगळ्यात जास्त बोचते. सल्ला खरा होता, स्पीकर मला खरंच नको होते. पण वीस-पंचवीस मिनिटांच्या त्या बोलण्यात त्याने मला एक प्रश्न एकदाही विचारला नाही. तुमच्याकडे फुटेज कुठल्या कॅमेऱ्याचं येतं? किती बजेट, कधी हवंय, ईएमआय करायचाय का, दादांकडचं काम किती असतं, हे सगळं विचारलं. मी नक्की काय एडिट करणार आहे, ते विचारलं नाही.

कोटेशन एका कागदावर पाच ओळींचं. आय७ प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम, २ टीबी एसएसडी, मॉनिटर. वर ‘एस्टिमेट’ छापलेलं. जीएसटीचं बिल घेतलं तर १८ टक्के वर पडतील, वॉरंटी काय ती आमचीच आहे, असं म्हणाला. मी ४०,००० रुपये यूपीआयने दिले, बाकीचे रोख. आणि बॉक्स मागितले तेव्हा म्हणाला, “घरात अडगळ कशाला, इथेच राहू द्या. काही झालं तर कंपनीकडे आम्हीच पाठवणार.” तेही मला सोयीचं वाटलं.

तुळशीचं लग्न झालं आणि सीझन सुरू झाला. पहिलंच लग्न कॅनन आर६ कॅमेऱ्यावर शूट केलेलं. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकलं आणि चित्र अडखळायला लागलं. दोन सेकंद चालायचं, थांबायचं, आवाज पुढे आणि चित्र मागे. माझा आठ वर्षं जुना कॉम्प्युटरही असाच अडखळायचा, म्हणून तर हा नवा घेतला होता. दुकानात फोन केला. “रॅम कमी पडतेय ताई, अजून ३२ टाका.” ७,८०० रुपये देऊन टाकली. काडीचा फरक पडला नाही. मग म्हणाला विंडोज परत टाकू, मग म्हणाला तुमच्या सॉफ्टवेअरमध्येच गडबड आहे. टीझरची तारीख गेली. नवरीच्या आईचा फोन आला तेव्हा मी काय उत्तर दिलं ते इथे लिहवत नाही.

शेवटी मी एका मैत्रिणीला फोन केला. ती माहितीपट एडिट करते. तिने दोनच प्रश्न विचारले. “फुटेज १० बिट, ४:२:२ आहे का?” आणि “प्रोसेसरच्या नंबरपुढे एफ आहे का?” दोन्हींचं उत्तर हो होतं. माझा प्रोसेसर होता आय७-१२७००एफ.

तिने मला जे समजावलं ते मी नंतर स्वतः तपासून घेतलं. लग्नाचं काम करणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. कॅमेरा फुटेज दाबून साठवतो आणि एडिट करताना कॉम्प्युटरला ते क्षणोक्षणी उलगडावं लागतं. ४:२:२ म्हणजे उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची, पण रंगाची माहिती आडव्या दोन पिक्सेलमागे एक. साध्या ४:२:० मध्ये ती चार पिक्सेलमागे एक असते. आर६ मध्ये सी-लॉग, म्हणजे नंतर रंग सुधारायला जास्त वाव देणारी शूटिंगची पद्धत, चालू केली की फुटेज एच.२६५ (फुटेज दाबण्याची एक पद्धत), १० बिट (रंगांच्या जास्त बारीक छटा), ४:२:२ असंच येतं, आणि आजकाल बरेच शूटर लॉगमध्येच शूट करतात. हे उलगडण्यासाठी चिपवर खास जागा असावी लागते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये तिला क्विक सिंक म्हणतात, डेस्कटॉपवर ती असं ४:२:२ अकराव्या पिढीपासून उलगडते, आणि ती प्रोसेसरमधल्याच छोट्या ग्राफिक्समध्ये असते. नंबरपुढे एफ असला की ते ग्राफिक्स बंद केलेलं असतं, म्हणजे क्विक सिंकही गेलं. बरं, वेगळं कार्ड आहे ना? तर मी खरेदी केली तेव्हा बाजारात असलेलं एनव्हिडियाचं एकही आरटीएक्स कार्ड ४:२:२ उलगडत नव्हतं. ४:२:० उलगडायचं, एच.२६५ मधलं ४:४:४ सुद्धा उलगडायचं, नेमकं मधलं ४:२:२ नाही. ती सोय २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेपासून झाली. म्हणजे माझ्या पूर्ण मशीनमध्ये माझं रोजचं फुटेज सहज उलगडेल असा भागच नव्हता. एफ नसलेला तोच प्रोसेसर दोन-अडीच हजारांनी महाग मिळाला असता. गेम खेळणाऱ्या मुलाला एफ देणं योग्यच आहे, त्याचे पैसे वाचतात. मी गेम खेळत नाही.

इथपर्यंत मी त्याला संशयाचा फायदा द्यायला तयार होते. दुकानदाराला माहीत नसेल, होतं असं. पण मैत्रीण म्हणाली, “कार्ड आणि डिस्कही बघून घे.”

आरटीएक्स ३०६० या एकाच नावाने दोन कार्डं विकली जातात, एक १२ जीबीचं आणि एक ८ जीबीचं. ८ वाल्याची मेमरी नुसती कमी नाही, तिचा मार्गही अरुंद आहे, १९२ बिटऐवजी १२८. तोंडी बोलताना तो बारा म्हणाला होता. कागदावर आकडाच नव्हता. मशीनमध्ये निघालं ८. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ४के वर रंगाचं काम करताना जीपीयूची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची, मेमरी संपल्याचा जो निरोप सारखा यायचा, त्याचं कारण तेव्हा मला कळलं.

मग डिस्क तपासायचं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर टाकलं. फुकट मिळतं, दोन मिनिटांत चालतं. डिस्क किती तास चालली आहे ते त्यात दिसतं. माझी ‘नवीन, सीलपॅक’ एसएसडी ७,१०८ तास चाललेली होती. मी कागदावर हिशेब केला. दसऱ्यापासून त्या दिवसापर्यंत ४९ दिवस झाले होते. मशीन एक मिनिटही बंद केलं नसतं तरी १,१७६ तास झाले असते. डिस्कच्या सीरियल नंबरवरून कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासली, तर ती माझ्या खरेदीच्या कितीतरी आधी सुरू झालेली. दुसऱ्या कुणीतरी वापरून टाकलेली डिस्क होती ती. लोकांच्या लग्नाचं फुटेज मी तिच्यावर ठेवत होते. ती मध्येच गेली असती तर? कुणाचं लग्न पुन्हा शूट करता येत नाही. त्या रात्री मी सगळा डेटा दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून घेतला आणि मगच झोपले.

दुकानात गेले तर आवाज बदललेला. “बजेट तुम्हीच सांगितलं होतं मॅडम.” ताईची मॅडम झाले. “बिल आहे का तुमच्याकडे?” नाही, हे त्याला माहीत होतं.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचाही पहिला प्रश्न तोच, पक्कं बिल कुठे आहे? बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये याच पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, त्या काळापासूनचा हा माणूस, भाजीवाल्याखेरीज कुणालाही बिलाशिवाय पैसे देत नाही. मला रागावले नाहीत. वही घेऊन बसले आणि म्हणाले, बिल नाही तर दुसरं काय काय आहे ते लिही. यूपीआयची नोंद होती. एस्टिमेटचा कागद होता. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मी विचारलं होतं, “सगळं नवीन आहे ना?” त्याचं उत्तर होतं, “१०० टक्के सीलपॅक ताई.” तो एक मेसेज मला उपयोगी पडला.

मला भीती वाटत होती की मी धंद्यासाठी मशीन घेतलं, म्हणजे कायद्याने मी ग्राहकच नाही. ओळखीच्या वकील बाईंनी शंका दूर केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेऊन स्वतः वापरलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरत नाहीत. वापरलेला माल नवा म्हणून विकणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिल न देणं हीसुद्धा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग वकिलांकडून नोटीस पाठवली. नोटीस पोचल्यावर आठ दिवसांत त्याचा फोन आला. पुन्हा ताई.

दादांचं सांगायचं राहिलं. मी त्यांच्याकडे गेले ते भांडायला नाही, निदान दुसऱ्या कुणाला तिकडे पाठवू नका एवढं सांगायला. त्यांनी लपवलं नाही. माझ्या खरेदीवर त्यांना ३,००० रुपये मिळाले होते. “सगळेच घेतात गं,” म्हणाले. मला माहीत आहे की आमच्या धंद्यात हॉलवाल्यापासून मेकअपवालीपर्यंत कमिशन चालतं. पण हॉल आवडला नाही तर दिसतो तरी. मशीनच्या आतलं मला दिसत नाही म्हणूनच मी त्यांच्या शब्दावर गेले होते. मी आजही त्यांचं काम करते, पण पूर्वीसारखं बोलणं उरलेलं नाही.

एफ नसलेला प्रोसेसर मी शेवटी दुसरीकडून घेतला, टिळक रोडकडच्या एका जुन्या दुकानातून. तिथल्या काकांना मी मुद्दाम एक प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर आता मला येत होतं. या कार्डावर ४:२:२ चालेल का? ते म्हणाले, “व्हिडिओचं मला तेवढं कळत नाही. तुम्ही फुटेज पेनड्राइव्हवर घेऊन या, इथे लावून बघू.” मी घेऊन गेले. आर६ ची तीच क्लिप त्यांच्या मशीनवर टाइमलाइनला सरळ चालली. बॉक्स माझ्यासमोर उघडला, सीरियल नंबर बिलावर लिहिला, आणि रिकामा बॉक्स मीच मागायच्या आधी पिशवीत घातला. पहिल्या दुकानात हाच प्रश्न विचारला असता तर “सगळं चालतं ताई” असं उत्तर आलं असतं, हे मी खात्रीने सांगते. मी आता कुठल्याही दुकानात हा एक प्रश्न आधी विचारते, आणि “बघून सांगतो” असं म्हणणाऱ्याकडेच थांबते. पूर्ण मॉडेल नंबर असलेलं कोटेशन घेऊन एक रात्र घरी आणते. ते द्यायला जो कां-कूं करतो, तिथून उठते.

जुना एफवाला प्रोसेसर विकताना माझे आठ हजार बुडाले, ते गेले ते गेलेच. नोटिशीनंतर पहिल्या दुकानदाराने एसएसडी नवी दिली, तिचे तास मी दुकानातच उभं राहून तपासले. नंतर टाकलेली रॅम परत घेऊन ७,८०० दिले. कार्डाच्या फरकाचे ६,५०० रुपये अजून यायचेत. येत्या १० तारखेपर्यंत देतो असं त्याने सही करून लिहून दिलंय. आले नाहीत तर ग्राहक आयोगाच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा अर्ज वकील बाईंनी तयार ठेवलाय, आणि तक्रारीची मुदत २०२६ च्या ऑक्टोबरपर्यंत आहे.