हाजी बेक्ताश वेली संग्रहालय : कपाडोकियाच्या सहलीतून अर्धा दिवस काढावा असे ठिकाण

मध्य तुर्कस्तानातल्या कपाडोकियाच्या सहलीत बलूनची सैर, भूमिगत शहर आणि गालिच्यांचे दुकान हमखास असते. नेवशेहिरपासून साधारण ४५ किलोमीटरवर हाजीबेक्ताश गावात असलेले हे संग्रहालय मात्र बहुतेक वेळा वगळले जाते. वेगळी गाडी ठरवावी लागली तरी इथे जावे, कारण हजरत अलींना मानणाऱ्या, बहुसंख्य सुन्नींहून वेगळ्या अशा तुर्कस्तानातल्या अलेवी समाजाची बदललेली ओळख इथे दगडामातीत वाचता येते.

अलेवींना पूज्य असलेले तेराव्या शतकातले संत हाजी बेक्ताश वेली यांचा हा मठ १९२५ च्या कायद्याने देशातल्या इतर सूफी मठांबरोबर बंद झाला आणि १९६४ मध्ये त्याचे दार पुन्हा उघडले ते संग्रहालय म्हणून. एकामागून एक अशी तीन अंगणे आहेत. दुसऱ्या अंगणातल्या मुदपाकखान्यातली प्रचंड काळी देग सगळेच पाहतात, पण खरी नजर टाकावी ती तिथल्या मशिदीवर. १८२६ मध्ये उस्मानी सुलतान दुसरा महमूद याने जानिसारी ही खास पायदळ फौज मोडली, तिच्याशी जोडलेल्या, हाजी बेक्ताश यांना मानणाऱ्या बेक्ताशी पंथावर बंदी घातली आणि मठावर सुन्नी नक्शबंदी पंथाचा शेख नेमला. मशीद त्यानंतरची आहे. अलेवींची उपासना मशिदीत नव्हे, तर ‘देदे’ म्हणजे धर्मगुरूच्या नेतृत्वाखाली, साझ या तंतुवाद्याच्या साथीने, स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून केलेल्या ‘जेम’मध्ये होते, हे माहीत असले की त्या इमारतीचा अर्थ उलगडतो.

तिसऱ्या अंगणात संतांची कबर आहे. काचेच्या कपाटांसमोर पर्यटक रेंगाळत असतात आणि त्यांच्या शेजारीच भाविक चौकटीला ओठ लावून, उंबरठ्याला पाय न लावता आत जातात. (उंबरठ्याचा हा मान मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.) कागदोपत्री संग्रहालय असले तरी त्यांच्या लेखी ते तीर्थच आहे.

१९५० नंतर अलेवी कुटुंबे गावे सोडून शहरांत आणि पुढे जर्मनीत गेली. गावातली देदेंची परंपरा विस्कटली आणि अनेकांनी शेजाऱ्यांपासून आपली ओळख लपवली. २ जुलै १९९३ रोजी सिवास येथे जमावाने पेटवलेल्या हॉटेलात अलेवी सांस्कृतिक महोत्सवासाठी आलेली ३३ माणसे आणि हॉटेलचे दोन कर्मचारी मरण पावले. त्यानंतर उघडपणे अलेवी म्हणवून घेणे आणि शहरोशहरी ‘जेमएवी’ म्हणजे जेमसाठीच्या वास्तू उभारणे यांना जोर आला. तरीही जेमएवीला मशिदीसारखा प्रार्थनास्थळाचा दर्जा नाही. अलेवींना मिळणाऱ्या या वेगळ्या वागणुकीबद्दल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१६ मध्ये तुर्कस्तानविरुद्ध निकाल दिला. सरकारने २०२२ मध्ये अलेवी-बेक्ताशी संस्कृती आणि जेमएवींसाठी स्वतंत्र विभाग काढला, पण तो ठेवला संस्कृती व पर्यटन मंत्रालयाखाली, म्हणजे हे संग्रहालय ज्याच्या ताब्यात आहे त्याच मंत्रालयाखाली. अनेक अलेवी संघटनांचा राग नेमका याच गोष्टीवर आहे आणि तो मला रास्त वाटतो.

शांतपणे पाहायचे असेल तर १६ ते १८ ऑगस्टचा उत्सव टाळावा. जेममधले ‘सेमाह’ हे भक्तिनृत्य मंचावर कसे सादर होते ते पाहायचे असेल तर मुद्दाम त्याच दिवसांत जावे. गावाबाहेरच्या चिलेहाने टेकडीवरचा भोकाचा खडकही चुकवू नये. त्यातून पापी माणूस पार होत नाही, अशी समजूत आहे.